वैशाख शुद्ध तृतीया : एका तिथीचे अनेक मानकरी

सोलापुरात उन्हाळ्याचा एक दिवस असा येतो की ‘आज काय आहे?’ या प्रश्नाला पेठेगणिक वेगळे उत्तर मिळते. कुणाच्या घरी नव्या मडक्यात पाणी भरून पितरांची पूजा चाललेली असते. कुठे बसवेश्वरांच्या जन्माचा पाळणा म्हटला जातो. सराफ कट्ट्यावर दुकानांबाहेर मांडव घातलेले असतात, जैन मंदिरांत उसाच्या रसाला मान असतो, ब्राह्मण संस्थांच्या वतीने परशुराम जयंतीची मिरवणूक निघते आणि मंगल कार्यालयांच्या तारखा कधीच्याच गेलेल्या असतात. पारा चाळिशीच्या पुढे. पंचांगात या दिवसाचे नाव अक्षय्य तृतीया. घरात, बाजारात आणि शेतावर आखिती.

इतके सण एका दिवसावर कसे जमले, त्यांतले जुने कोणते आणि अलीकडचे कोणते, दिवस नेमका कुणाचा मानायचा आणि सरकारने त्याची सुट्टी द्यावी की नाही, या प्रश्नांची चर्चा आज कुठवर आली आहे ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे. तो सोलापूर धरून करायला कारणही आहे. ही तिथी ठरवण्याचे नियम ज्या ग्रंथातून महाराष्ट्र घेतो तो या जिल्ह्यात लिहिला गेला आणि ती तिथी घरोघरी पोचवणारे पंचांग या शहरातून निघते.

तिथी ठरते कशी

‘धर्मसिंधु’चे कर्ते काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये हे पंढरपूरचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, 1790 च्या सुमारास, त्यांनी हा ग्रंथ पुरा केला. कोणते व्रत कोणत्या वेळी असलेल्या तिथीला करायचे याचा निर्णय करणारा हा ग्रंथ आजही उपाध्यायांच्या हाताशी असतो. सोलापूरचे दाते पंचांग नाना दाते यांनी सुरू केले, आणि त्याने शंभरी ओलांडली आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात सणाची तारीख शोधणाऱ्याला हा सगळा खटाटोप दिसत नाही, पण तो आहे.

चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी एकोणीस तासांत संपते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते, आणि ती दिवसाच्या कोणत्याही वेळी लागू शकते. इथेच पहिली फूट पडते. अक्षय्य तृतीया ही युगादी, म्हणजे युगारंभाची, तिथी मानली गेल्याने ती सकाळच्या वेळी असावी लागते. परशुरामाचा जन्म मात्र रात्रीच्या पहिल्या प्रहरातला मानतात, म्हणून त्याच्या जयंतीला प्रदोषकाळी तृतीया हवी. बहुतेक वर्षी दोन्ही एकाच तारखेला बसतात. 2025 मध्ये मात्र तृतीया 29 एप्रिलच्या संध्याकाळी लागली आणि 30 एप्रिलच्या दुपारी संपली. परशुराम जयंती 29 ला झाली, अक्षय्य तृतीया आणि बसव जयंती 30 ला. ‘एकच दिवस’ म्हणताना एवढी सवलत द्यावी लागते.

दुसरा मतभेद याहून मोठा आहे. दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांच्या राशिचक्राच्या आरंभबिंदूत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. तिथी त्याने बदलत नाही, पण अधिक महिना कोणता हे बदलू शकते, आणि मग सगळे सण महिनाभर मागेपुढे होतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1955 मध्ये अहवाल दिला, 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली, तरी हा वाद पुरता मिटला नाही. व्यवहारात महाराष्ट्रातील बहुतेक घरे दाते पंचांगाच्या बाजूने आहेत. टिळक पंचांगवाले थोडे आहेत, पण ठाम आहेत.

साडेतीन मुहूर्तांचेही तसेच. गुढीपाडवा आणि दसरा पूर्ण, यात कुणाचे दुमत नाही. अर्धा कोणता, बलिप्रतिपदा की अक्षय्य तृतीया, यावर दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मुहूर्त पाहून घर घेणाऱ्याला या अर्ध्याने आजवर अडवलेले नाही.

तळाचा थर : पाणी

धर्मशास्त्राची पाने उलगडली तर या दिवसाचा गाभा अगदी साधा दिसतो. स्नान, जप, होम, पितृतर्पण आणि दान यांचे फळ या दिवशी क्षय पावत नाही, आणि दानांत मुख्य उदकुंभाचे, म्हणजे पाण्याने भरलेल्या घड्याचे. वैशाखाच्या उन्हात पाणी देण्याइतके शहाणपणाचे दान दुसरे नाही. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात व्रतांचा जो पसारा मांडला आहे, त्यातही ही तिथी जुन्या व्रतांत मोडते.

लोकरीतीत हा घडा टिकून आहे. सोलापूर, मराठवाडा, नगर या पट्ट्यात तो ‘करा-केळी’ म्हणून ओळखला जातो. आखितीच्या आधी चार दिवस कुंभार ही मातीची जोडी बाजारात मांडतात. कुंभार वेस हे नाव आजही पत्त्यात लिहिणाऱ्या शहरात त्याचे नवल नाही. नवे मडके आधी पाण्यात भिजत घालतात. कोरडी माती पाणी ओढून घेताना बारीक चरचरते, बुडबुडे वर येतात आणि भाजलेल्या मातीचा वास घरभर होतो. मग गळ्याभोवती पांढरे सूत, खाली मूठभर धान्य, तोंडावर आंबा. मांडणी घरोघर थोडी निराळी, पण नैवेद्याला पुरणपोळी आणि आमरस. पितरांना दाखवल्याशिवाय नव्या मोसमाचा आंबा खायचा नाही, असा दंडक पाळणारी जुनी माणसे अजून आहेत. बाजारात आंबा मार्चमध्येच येऊ लागल्यापासून नातवंडांना हा दंडक भलताच जाचक वाटतो.

खानदेशात याच दिवसाची आखाजी होते. तिथेही घागर भरतात, पण सणाचा रंग वेगळा. माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात, आणि शेतावरच्या सालदाराचे साल या दिवसापासून मोजले जाते. देशावर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा हा शेवटचा दिवस. पंढरपुरात विठ्ठलाला पाडव्यापासून मृगापर्यंत चंदनाची उटी लावतात. सोलापुरातील तेलुगू भाषकांना चंदनाचा आणखी एक संदर्भ ठाऊक असतो. विशाखापट्टणमजवळच्या सिंहाचलमला वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असलेल्या नरसिंहाचे मूळ रूप याच एका दिवशी उघडे होते. उन्हाळा, गारवा, पाणी आणि पितर असे या थराचे सूत्र दिसते. ते सगळ्यांत जुने, आणि माझ्या मते सगळ्यांत पक्के.

मात्र सोलापूर शहरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येते. ‘आज आमच्याकडं पाणी हाय’ एवढ्या कारणाने इथे घरचे कार्यक्रम पुढे ढकलले जातात. 2024 च्या उन्हाळ्यात तर उजनी धरण उणे साठ्यात गेले होते. उदकुंभाच्या दिवसाचा विचार या शहरात करताना ही बाब बाजूला ठेवता येत नाही.

बसवेश्वर

तिथीवरचा सोलापूरच्या दृष्टीने सगळ्यांत जवळचा मानकरी म्हणजे महात्मा बसवेश्वर. कलचुरी राजा बिज्जल याची राजधानी आधी मंगळवेढ्याला होती, नंतर ती कर्नाटकातल्या कल्याणला गेली. बसवेश्वर मंगळवेढ्यात बिज्जलाच्या चाकरीत होते आणि पुढे कल्याणात त्यांनी अनुभव मंटपाचे, म्हणजे शरणांच्या चर्चासभेचे, पर्व घडवले. सोलापूरचे सिद्धरामेश्वर हेही त्याच शरण परंपरेतले, त्याच बाराव्या शतकातले. त्यांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला, म्हणजे थंडीत. बसवेश्वरांचा दिवस मात्र भर उन्हाळ्यात.

त्यांच्या जन्मवर्षावर अभ्यासकांचे एकमत नाही. 1105 मानणारा एक पक्ष, 1131 च्या आसपास मानणारा दुसरा. वैशाख शुद्ध तृतीया ही तिथी मात्र परंपरेने धरून ठेवली. सार्वजनिक जयंतीचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. 1913 मध्ये दावणगेरे येथे हर्डेकर मंजप्पा यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. महाराष्ट्रात लोकमान्यांनी गणपती आणि शिवजयंती रस्त्यावर आणल्यानंतरचा तो काळ आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिचा बाज कळतो. आज मिरवणूक, व्याख्यान, पाळणा आणि महाप्रसाद हे तिचे ठरलेले अंग झाले आहे. कर्नाटकात पुष्कळ गावांत या दिवशी बैलही सजवले जातात.

इथे एक मौजेचा पेच आहे. शुभ वेळ पाहण्याच्या वेडावर वचने रचणाऱ्या शरणांनी कडक टीका केली. भक्तांनी विचारले तर तीच वेळ शुभ म्हणा, अशा आशयाचे बसवेश्वरांचे वचन प्रसिद्ध आहे. आणि त्यांची जयंती येते ती ज्या दिवशी मुहूर्त पाहावा लागत नाही असा सर्वांत मोठा मुहूर्त असतो त्या दिवशी. लिंगायत समाजातला एक विचारप्रवाह म्हणतो की जयंती आखितीच्या कर्मकांडापासून वेगळी ठेवावी आणि दिवस वचनवाचनाला द्यावा. दुसऱ्याला यात विरोध दिसत नाही. त्याच्या लेखी घरी करा-केळी आणि चौकात बसवण्णा हे दोन्ही चालते. लिंगायत स्वतंत्र धर्म आहे की वीरशैव परंपरेचा भाग, हा वाद यामागे उभा असतोच. कर्नाटक सरकारने 2018 मध्ये स्वतंत्र दर्जाची शिफारस केली, केंद्राने ती मान्य केली नाही. जयंतीचे स्वरूप काय असावे याचा निकाल त्या मोठ्या वादाआधी लागेल असे दिसत नाही.

परशुराम आणि ऋषभदेव

परशुरामाची कथा कोकणाशी जोडलेली, त्याचे देवस्थान चिपळूणजवळ. घाटावर त्याची जयंती पूर्वी कीर्तनापुरती आणि घरापुरती होती. ब्राह्मण संघटनांच्या पुढाकाराने मिरवणुकीचे रूप तिला गेल्या काही दशकांत आले. संघटकांच्या दृष्टीने ते एका लहान समाजाने एकत्र येण्याचे निमित्त आहे. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (1873) परशुरामाच्या कथेचा जो उलटा अर्थ लावला, तो मानणाऱ्यांना ही जयंती खुपते. दोन्ही वाचने दीडशे वर्षे शेजारी शेजारी आहेत आणि एकाने दुसऱ्याला खोडलेले नाही.

जैन परंपरेत ही तिथी आदिनाथ ऋषभदेवांची. दीर्घ उपवासानंतर हस्तिनापूरला राजा श्रेयांसाने त्यांना उसाचा रस दिला, तेव्हापासून आहारदानाची रीत सुरू झाली, अशी श्रद्धा आहे. श्वेतांबरांत वर्षीतपाचे, म्हणजे वर्षभराच्या उपवासव्रताचे, पारणे याच दिवशी उसाच्या रसाने होते. दिगंबरांत मुनींच्या आहारदानाला महत्त्व. जीवराज जैन ग्रंथमालेचे हे शहर आणि साखर कारखान्यांचा हा जिल्हा, तेव्हा रसाची वाण नाही. इथे वादही नाही. दान हा आखितीचा मूळ धागा जैनांनी इतरांपेक्षा नीट सांभाळला, एवढे म्हणून पुढे जावे.

सोने

देण्याचा दिवस घेण्याचा कधी झाला? मुहूर्तावर गुंजभर सोने घ्यावे ही समजूत जुनी आहे, पण आजची गर्दी नव्वदच्या दशकानंतरची आहे. दक्षिणेत, विशेषतः तमिळनाडूत, सराफांनी आणि सुवर्ण उद्योगाने या दिवसाची जोरदार जाहिरात केली आणि ती लाट देशभर पसरली, असे बाजाराचे अभ्यासक सांगतात. धर्मशास्त्राच्या बाजूने बोलणारे म्हणतात की अक्षय्य होते ते दिलेले. विकत घेतलेल्या दागिन्याबद्दल ग्रंथ काही सांगत नाहीत. सराफांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. विडी वळणाऱ्या किंवा टॉवेल कारखान्यात शिलाई करणाऱ्या बाईला बँकेपेक्षा गळ्यातले मणी जवळचे वाटतात, आणि वर्षाकाठी अर्धा ग्रॅम घेण्याची सवय या दिवसाने लागली तर तिच्या हाती अडीनडीला काहीतरी राहते. 2025 च्या आखितीला दहा ग्रॅमचा दर लाखाच्या उंबरठ्यावर होता, तेव्हा अर्ध्या ग्रॅमचीही आता चैन होत चालली आहे. घ्यायचेच असेल तर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक पाहून घ्यावे. 1 एप्रिल 2023 पासून तो सक्तीचा आहे.

तारखेचे दिवस आणि चंद्राचे दिवस

जगात हल्ली प्रत्येक तारखेला काही ना काही ‘दिवस’ असतो. 30 एप्रिल हा युनेस्कोचा जाझ दिवस, दादासाहेब फाळके आणि तुकडोजी महाराज यांची जन्मतारीख. 22 एप्रिल वसुंधरा दिन, 1970 पासून. मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्य दिन, आणि तो चक्क मुंबईचा. हास्य क्लबची चळवळ सुरू करणाऱ्या डॉ. मदन कटारिया यांनी 1998 मध्ये तो काढला. हे दिवस कुणीतरी ठरवून दिलेले असतात, त्यांना जन्मदाखला असतो. आखितीसारखी तिथी शतकानुशतके साठत जाते आणि तारखांवरून फिरते. त्यामुळे गमतीशीर गाठी पडतात. 2024 ची आखिती 10 मे रोजी आली. तीच 1857 च्या मेरठच्या उठावाची तारीख, आणि 1947 मध्ये साने गुरुजींचे पंढरपूरचे मंदिरप्रवेशासाठीचे उपोषण सुटले तीही.

सगळ्यांत मोठी गाठ ईदची. 14 मे 2021, 3 मे 2022 आणि 22 एप्रिल 2023 अशी सलग तीन वर्षे रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आल्या. अनेकांना तो दैवी योग वाटला, काहींना बंदोबस्ताचा प्रश्न. त्यामागचे गणित सरळ आहे. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे ईद नेहमीच शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या आसपास पडते. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, आपल्यात दर पावणेतीन वर्षांनी येतो. दोन अधिक महिन्यांच्या मधल्या काळात दोन्ही पंचांगे बरोबरीने चालतात. 2020 च्या अधिक आश्विनानंतर ईदचा शव्वाल आणि वैशाख जुळले, 2023 च्या अधिक श्रावणाने ते सुटले, आणि 2024 मध्ये ईद एप्रिलमध्ये तर आखिती मेमध्ये गेली. हा मेळ पुन्हा बसायला तीसेक वर्षे जावी लागतील. सोलापुरात त्या तिन्ही वर्षी, पहिले टाळेबंदीचे असूनही, शेवया आणि आमरस एकाच दुपारी झाले.

सुट्टीचा प्रश्न

2022 आणि 2023 मध्ये ईदमुळे या दिवशी सुट्टी मिळाली. एरवी महाराष्ट्राच्या सार्वजनिक सुट्ट्यांत या तिथीला जागा नाही. कर्नाटकात बसव जयंतीची सुट्टी असते, त्यामुळे विजयपूरचे कार्यालय बंद आणि शंभर किलोमीटरवरच्या सोलापूरचे उघडे, असे होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी असलेल्यांना हे खटकते आणि सुट्टीची मागणी अधूनमधून पुढे येते. परशुराम जयंतीसाठीही तशी मागणी होते. विरोधी बाजू म्हणते की सुट्ट्या आधीच पुष्कळ आहेत आणि एका जयंतीला दिली तर दुसरीला नाही कशी म्हणणार. उत्तर प्रदेशाने 2017 मध्ये पंधरा सुट्ट्या एका फटक्यात रद्द केल्या, त्यांत परशुराम जयंती होती. मधला मार्ग जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातल्या स्थानिक सुट्टीचा आहे, आणि सोलापूरसारख्या सीमावर्ती जिल्ह्याला तो मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. सुट्टी कुणाच्या नावाने द्यायची, हा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही.

लग्ने

शेवटचा आणि सगळ्यांत अवघड प्रश्न मांडवाचा. मुहूर्त न पाहता लग्न लावता येते, म्हणून हा दिवस लग्नांचा, आणि त्यांत बालविवाहही उरकले जातात. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा ठरवले, 1978 मध्ये ते अठरा झाले, 2006 मध्ये नवा कायदा आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के होते, सोलापूर जिल्ह्यात सुमारे 40.

प्रशासन आखितीच्या आठवड्यात दक्षता वाढवते, पुरोहित, मंडपवाले, बँडवाले यांना समज देते. ते थांबलेली लग्ने मोजून सांगते. कार्यकर्त्यांचा अनुभव निराळा आहे. एका दिवसावर पहारा ठेवला की लग्न चार दिवस आधी, पहाटे किंवा दुसऱ्या तालुक्यात लागते. मूळ कारणे ऊसतोडीचे स्थलांतर, गावापासून लांब असलेली शाळा, वयात आलेल्या मुलीची काळजी आणि वाढता हुंडा ही आहेत, मुहूर्त हे निमित्त. माझ्या मते दोघांचेही खरे आहे. कारणे दूर व्हायला वर्षे लागतील, पण ज्या मुलीचे लग्न या आठवड्यात ठरले आहे तिला तेवढा वेळ नसतो.

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकावर जबाबदारी असते. असे लग्न लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आखितीच्या आसपास मांडव पडलेला दिसला आणि मुलीच्या वयाची शंका आली, तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. फोन विनाशुल्क आहे.